तळ्यावरचा ट्रायपॉड : एका ब्रेकअपच्या नोंदी

अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये ब्रेकअप हे ऋतूचं नाव आहे. मार्चअखेरीपासून नद्या मोकळ्या होऊन रस्त्यांवरचा चिखल वाळेपर्यंतचे पाच-सहा आठवडे, म्हणजे ब्रेकअप. लोक सरळ म्हणतात, "छपराचं काम ब्रेकअपनंतर बघू", "ब्रेकअपचे बूट बाहेर काढले का?" यंदा माझ्या घरात दुसऱ्या अर्थाचा ब्रेकअपही त्याच आठवड्यांत झाला. नोंदवही एकच होती, त्यामुळे दोन्ही एकात लिहिलं गेलं. नंतर वेगळं करून पाहिलं, पण मग काही चुका का झाल्या तेच कळेना. म्हणून जसं होतं तसं ठेवलं आहे.

काम असं. आमच्या केबिनमागे खडी काढून सोडलेल्या खाणीचं तळं आहे. त्याच्या बर्फावर लाकडी ट्रायपॉड उभा करायचा, त्याची दोरी काठावरच्या घड्याळाला जोडायची. बर्फ सुटून ट्रायपॉड हलला की घड्याळ थांबलं पाहिजे. कोणत्या दिवशी, किती वाजता, याचा अंदाज प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून बरणीत टाकायचा. इथली चार मराठी घरं आणि आमचे शेजारी यांच्यापुरता खेळ. पैसे लावायचे नाहीत. जिंकेल त्याच्याकडे पुरणपोळ्या.

२ मार्च

नेनानाला जाऊन आलो. इथून नैऋत्येला ५५ मैल. मूळ खेळ तिथला, तनाना नदीवरचा. १९१७ साली रेल्वेच्या इंजिनिअरांनी ८०० डॉलर जमवून बर्फ कधी फुटणार यावर पैज लावली, तेव्हापासून दरवर्षी चालू आहे. त्या वर्षी ३० एप्रिलला सकाळी साडेअकराला फुटला. आजवर सगळ्यांत लवकर फुटला तो २०१९ मध्ये, १४ एप्रिलला. सगळ्यांत उशीर म्हणजे २० मे, १९६४ ला आणि पुन्हा २०१३ ला. त्यांचा ट्रायपॉड काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा असतो आणि नाव ट्रायपॉड असलं तरी पाय चार. शंभर फूट वाहत गेला की तारेनं घड्याळ थांबतं.

आपण तीनच पाय करायचे ठरवलं. लाकूड कमी लागतं आणि खडबडीत बर्फावर तीन पाय डुगडुगत नाहीत.

हे सगळं जानेवारीत माझ्या जोडीदारानं काढलं होतं, किराणा मालाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीनं. फेब्रुवारीत त्याला अँकरेजची नोकरी मिळाली. तिथे मी यायचं की नाही, हा विषय आम्ही दोघंही टाळत होतो. नेनानाहून परतताना तासभर गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर मात्र ट्रायपॉडच्या पायांच्या लांबीवरून अर्धा तास वाद घातला.

८ मार्च

बर्फ ३१ इंच. वरचे ७ इंच पांढरा, म्हणजे हिम भिजून गोठलेला. खालचे २४ इंच काळा, म्हणजे पारदर्शक. बाहेर उणे १८ सेल्सिअस.

मोजायची काठी घरी केली. साडेतीन फुटांची पट्टी, तळाला एका बाजूला लोखंडी कोन. भोकातून खाली सोडायची, कोन बर्फाच्या खालच्या अंगाला अडकवायचा, वर बोट धरून वाचायचं. करणाऱ्यांनी कोन दोन स्क्रूंनी बसवावा. आमचा एकाच स्क्रूवर होता, तिसऱ्या मोजणीला फिरला आणि आधीचे दोन आकडे बाद झाले.

गिरमिट शेजाऱ्यांचं, आठ इंची, हातानं फिरवायचं. पाती बोथट होती. पहिल्या भोकाला चाळीस मिनिटं लागली. मग मुकाट जाऊन नवीन पाती आणली, २८ डॉलर. दुसऱ्या भोकाला सहा मिनिटं. पाती आधी बघायची, हा धडा २८ डॉलरला स्वस्त पडला.

पायांसाठी भोकं आरपार करायची नव्हती, दीड फूटच खोल हवी होती. तिसरं आरपार गेलं. पाणी उसळून वर आलं आणि दहा-बारा फुटांत पसरलं. थंडीभर पडलेल्या हिमाच्या वजनानं बर्फ दाबलेला असतो, वाट मिळाली की खालचं पाणी वर येणारच. ते गोठेपर्यंत दोन तास पाय वाळवत बसलो. शेवटी भोकांत पाय उभे केले, हिम आणि पाणी कालवून तो रगडा ठासला. तासाभरात दगडासारखा झाला.

पाय वाळलेल्या स्प्रूसचे, दहा फुटी, शेजाऱ्यांनी फुकट दिले. त्यांवर काळे पट्टे त्यानं ओढले, नेनानासारखे. उरलेला रंग संपवायचा म्हणून खालचे तीन फूट पूर्ण काळे केले. दिसायला छान दिसत होतं. ही या प्रकल्पातली सगळ्यांत मोठी चूक होती, पण ती कळायला महिना लागला.

९ मार्च

काल घड्याळ लावलं आणि आज उन्हाळी वेळ सुरू झाली, सगळी घड्याळं तासानं पुढे. बरणीत सहा चिठ्ठ्या आधीच पडलेल्या, कुणी कोणत्या वेळेनं लिहिलं कोण जाणे. नेनानाचे लोक शेवटपर्यंत जुनीच, म्हणजे अलास्काची प्रमाण वेळ धरतात. आपणही तीच धरायची ठरवलं, सगळ्यांना फोन केले. घड्याळावर चिकटपट्टी लावून लिहिलं: एक तास मागे आहे, हात लावू नका.

सांगलीशी फरक साडेचौदा तासांचा साडेतेरा झाला. आईला तेवढंच सांगितलं.

१५ मार्च

घड्याळ दुपारी ३.२० ला थांबलेलं. ट्रायपॉड जागच्या जागी.

मूळ रचना अशी होती: विजेवरचं घड्याळ, लांब वायर, दोरीला ताण बसला की प्लग सॉकेटमधून ओढला जाणार. काल वाऱ्यात झाड पडून आमच्या भागाची वीज चार तास गेली. घड्याळाला काय, वीज गेली की थांबायचं. बर्फ सुटताना नेमकी वीज गेली असती तर सगळा खेळच संपला असता.

बदल: सेलवर चालणारं स्वयंपाकघरातलं घड्याळ घेतलं आणि दाराला लावतात तो चुंबकाचा सेन्सर, ९ डॉलर. सेन्सरचे दोन तुकडे असतात. एक घड्याळाच्या सेलच्या वायरीत जोडायचा, दुसरा, म्हणजे चुंबक, दोरीच्या टोकाला. दोन्ही जवळ असेपर्यंत घड्याळ चालतं, चुंबक ओढला गेला की थांबतं. घेताना 'जवळ असताना जोडलेला' असा प्रकार मागून घ्या. मी पहिल्यांदा उलटा आणला आणि पुन्हा बाजारात गेले. एक शनिवार पूर्ण यात गेला. विजेच्या वायरीचे २४ डॉलर वाया.

डाग मी दिला, वायर त्यानं धरली. हात अजूनही न बोलता एकमेकांबरोबर चालत होते. त्यामुळे मला वाटत राहिलं, आहे अजून.

२२ मार्च

बर्फ ३२ इंच. वाढलाय.

आज तो गेला. अँकरेज इथून ३६० मैल, सकाळी लवकर निघायचं म्हणून रात्रीच सामान भरलं. वाटणी दीड तासात झाली. आमच्या केबिनला नळ नाही, इथे अशी घरं पुष्कळ आहेत. पाणी विकत भरून पाच गॅलनच्या कॅनमधून आणायचं. कॅन सहा. त्याला अँकरेजला नळ असणार होता, त्यामुळे सहाही माझे. कुकर माझा, तवा त्याचा. मिसळणाचा डबा दोघांनी मिळून पुण्यात घेतलेला. त्यानं वाट्या बाहेर काढल्या, परत ठेवल्या आणि डबा माझ्याकडे सरकवला. हळदीच्या वाटीत चमचा तसाच होता.

निघताना दारात सवयीनं "येतो" म्हणाला. आपल्याकडे जातो म्हणत नाहीत. मीही सवयीनं "ये" म्हटलं. ट्रकचे दिवे वळणाआड गेल्यावर लक्षात आलं की आम्ही अजून काहीच ठरवलेलं नाही. तो नोकरीला गेलाय की सोडून गेलाय, हे दोघांनीही उच्चारलेलं नव्हतं.

पुढे जे तीन आठवडे गेले ते इथे वाया गेले म्हणून धरते. करणाऱ्यांना एवढंच सांगेन: सामान भरण्याआधी बोला, नंतर नाही.

३० मार्च

पाडवा. ट्रायपॉडला आणलेल्यांतली एक काठी उरली होती, तिचीच गुढी केली. खण होता, तांब्या होता. कडुनिंब आणि साखरेची गाठी इथे कुठून येणार, गूळ ठेवला. सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळला तेव्हा उतरवली. दिवस रोज सहा-सात मिनिटांनी वाढतोय, आठवड्यात पाऊण तास.

घड्याळ पुन्हा थांबलं होतं. या वेळी सेल. रात्री उणे २६ होतं आणि साधे अल्कलाईन सेल त्या थंडीत मान टाकतात. लिथियमचे घातले, ११ डॉलरला चार. शिवाय पेटीला आतून फोमचे तुकडे लावले. मुळात घड्याळ केबिनच्या आत ठेवून फक्त सेन्सरची वायर बाहेर न्यायला हवी होती. ते आज केलं, सव्वा तासाचं काम. आधीच केलं असतं तर दोन वेळा मागे जावं लागलं नसतं.

चिठ्ठ्यांवर या थांबण्यांचा परिणाम नाही. दोन्ही वेळा ट्रायपॉड उभा असल्याचे फोटो आहेत. रोज एक फोटो, एकाच दगडावर उभं राहून, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. या प्रकल्पात मी बरोबर केलेली ती एक गोष्ट.

५ एप्रिल

बर्फ ३२ इंच. आज नेनानाची तिकीटविक्री बंद होते, तशी आपलीही बरणी बंद केली. एकवीस चिठ्ठ्या.

एक त्याची आहे, मार्चच्या सुरुवातीला टाकलेली. काढून टाकावी का, यावर बराच वेळ बरणी हातात घेऊन बसले. ठेवली. त्यानं अंदाज केला तेव्हा तो इथलाच होता.

ट्रायपॉड दक्षिणेकडे दोन बोटं कलला आहे. जवळ जाऊन पाहिलं: तिन्ही पायांभोवती, पण दक्षिणेच्या बाजूला जास्त, बर्फात खळगे पडलेत. बाहेर अजून शून्याखाली, तरी. काळा रंग ऊन पितो आणि लाकूड तापून भोवतालचा बर्फ खातं. वर पट्टे असते तर चाललं असतं, पण बर्फात आणि बर्फालगत तीन फूट नुसता काळा.

उपाय: पांढरा रंग थंडीत धरेना, सोलून निघाला. जुनी पांढरी चादर फाडून पायांना गुंडाळली, सुतळीनं बांधली, खळग्यांत स्वच्छ हिम भरून दाबलं. तीन तास. कल थांबला, पण पाय सरळ झाले नाहीत.

१२ एप्रिल

आज मोजलं नाही.

काल रात्री त्याचा फोन आला होता. दोन तास बोललो. त्यानं सांगितलं की त्याच्या मनानं गेल्या ऑगस्टमध्येच घेतलं होतं. ऑगस्टमध्ये आम्ही ब्लूबेरी वेचायला गेलो होतो, त्याची बरणी अजून फ्रीजरमध्ये आहे. मी विचारलं, मग जानेवारीत ट्रायपॉड कशाला काढलास? म्हणाला, तुला आवडेल म्हणून, आणि जमलं तर जमेल म्हणून. तो खोटं बोलत नव्हता. मी भांडले नाही, कारण माझ्याही मनात डिसेंबरपासून काही होतं आणि मीही ते बोलले नव्हते.

सात वर्षं. मी वर्षंच मोजत आले. एवढी वर्षं आहेत म्हणजे धरून ठेवतील.

क्रीमर्स फील्डच्या शेतांत गीज पक्षी आलेत. गाव बघायला जमतं. मी गाडी थांबवली नाही.

१९ एप्रिल

बर्फ २९ इंच. आज घड्याळ सकाळी ५.०५ ला थांबलं. ट्रायपॉड उभा, पण दोरी मधोमध तुटलेली आणि हिमात मूसच्या, म्हणजे इथल्या सांबरासारख्या पण फार मोठ्या जनावराच्या, खुरांची रांग, थेट दोरीतून आरपार. नायलॉनची दोरी तशीही ढिली पडून हिमात रुतत होती, रात्री दव गोठून जड व्हायची. १९ डॉलर गेले.

नवीन रचना: पातळ पोलादी तार, काठापासून पहिले वीस फूट सात फूट उंचावर, दोन खुंटांवरून. तिथे गुरासारखं जनावर खालून जाऊ शकतं. तारेला केशरी चिंध्या. तार आणि कड्या मिळून ३१ डॉलर.

दुसरा विचारही याच दिवशी सुचला. नदीत प्रवाह असतो, बर्फ फुटला की ट्रायपॉड वाहून नेतो. तळ्याला प्रवाह कुठला? इथला बर्फ काठानं सुटतो, मग वारा त्याला ढकलतो. नाहीतर जागच्या जागी कुजतो आणि ट्रायपॉड नुसता आडवा होतो. तेव्हा तारेला शंभर नाही, दहाच फूट ढील ठेवली आणि ट्रायपॉडच्या शेंड्यापासून दुसरी तार काढली, तो पडला तरी चुंबक ओढला जाईल अशी. पहिल्याच दिवशी हे डोक्यात यायला हवं होतं. आम्ही नेनानाची नक्कल केली, आपलं पाणी कसलं आहे ते पाहिलं नाही.

आईचा फोन आला तेव्हा हातात पक्कड होती. तिला आज सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "लग्न मोडलं असतं तर चार माणसं घरी येऊन बसली असती गं. याला काय म्हणायचं? मोडलं म्हणू का सुटलं म्हणू?" मी म्हटलं, "माहीत नाही, आई." ती म्हणाली, "जेवलीस का?"

नदीचा बर्फ फुटतो, तळ्याचा सुटतो, हे वाक्य मी नंतर वहीत लिहिलंय. फुटणं काय असतं ते युकॉन नदीकाठच्या गावांनी पाहिलंय. २००९ मध्ये ईगलला आणि २०१३ मध्ये गलीनाला बर्फाचे तुकडे अडकून धरण झालं आणि मागचं पाणी घरांत शिरलं. आमचं तसं नव्हतं. काही वाहून गेलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. म्हणून कुणाला सांगावंसं वाटेपर्यंत आठ दिवस गेले.

२६ एप्रिल

बर्फ २५ इंच. काठाला हातभर रुंद पाण्याची पट्टी. दुपारी अधिक ११.

तक्त्यात लिहिलेलं असतं, स्वच्छ काळा बर्फ चार इंच असला तरी माणूस चालू शकतो. माझ्याकडे पंचवीस. फळी टाकून पट्टी ओलांडली आणि नेहमीसारखं मोजून आले. शेजारी काठावर उभे राहून पाहत होते. त्यांनी मला हाक मारून बोलावलं, काठाशी सुटलेला बर्फाचा एक ठोकळा उचलून आणला, चांगला दोन फूट जाड, आणि काठीनं वरून एक टिचकी मारली.

ठोकळा उभाच्या उभा विस्कटला. बोटाएवढ्या जाडीच्या लांब कांड्या झाल्या, स्वच्छ, काचेच्या, शेकडो. पायाशी पडताना बांगड्यांचा ढीग सांडावा तसा आवाज झाला. इथे त्याला कॅंडल आइस म्हणतात. बर्फाचे स्फटिक उभे वाढलेले असतात. वसंतातलं ऊन त्यांच्यामधल्या फटी आधी वितळवतं. जाडी तशीच राहते, पण कांड्या एकमेकींना धरून नसतात. वरून पाहिलं तर बर्फ करडा, ओलसर दिसतो, बाकी काही कळत नाही.

म्हणजे सात आठवडे मी जाडी मोजत होते आणि बर्फ कसा आहे हे एकदाही नोंदवलं नव्हतं. वहीतल्या तक्त्यात आज नवा रकाना आखला: रंग, आवाज, काठीनं टोचलं तर किती आत जाते. करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून आखावा. एप्रिलच्या मध्यानंतर आकड्यावर विसंबून कुणीही पाऊल टाकू नये.

एक कांडी घरात आणली. सिंकमध्ये दहा मिनिटं टिकली.

१ मे

आजची चूक लिहायला जड जातंय, पण लिहिते.

वरचं सगळं पाच दिवसांपूर्वी लिहूनही मी आज बर्फावर गेले. खिडकीतून दिसलं की ट्रायपॉड फार कललाय आणि चादर सुटून लोंबतेय. सकाळी त्याचा मेसेज आला होता, अंदाज काय म्हणतोय? मला वाटलं तो ट्रायपॉड पडू नये. तेवढ्यासाठी गेले. एकटी, कुणाला न सांगता.

काठापासून चौथ्या पावलाला उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. आवाज झालाच नाही, ओल्या साखरेत पाय जावा तसा गेला. आडवी पडले. गळ्यात बर्फात रुतवायच्या दोन टोच्या होत्या, शेजाऱ्यांनीच दिलेल्या. त्या रुतवून सरपटत फळीवर आले. पाणी तिथे चारच फूट खोल, म्हणून वाचले असं नाही, टोच्या होत्या म्हणून. फोन गेला. बूट वाळायला दोन दिवस.

शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले आणि त्यांनी गिरमिट परत घेतलं. बरोबर केलं.

त्याच्या मेसेजला उत्तर दिलं नाही. संध्याकाळी दुसऱ्या फोनवरून एकच लिहिलं की तळ्याबद्दल मला विचारू नकोस, निकाल सगळ्यांना कळवेन तेव्हा तुलाही कळेल. त्यानं बरं म्हटलं.

४ मे

मोजणं बंद, काठावरूनच निरीक्षण. बर्फ काळवंडलाय, काठाची पट्टी सहा फूट. नेनानाचं घड्याळ थांबलं. नदीचं आधी होतं, तळी मागून.

रिकाम्या वेळात कागदपत्रं. हेही नोंदवते, कारण यात बर्फापेक्षा जास्त वेळ गेला.

ट्रकच्या मालकीच्या कागदावर आमची दोघांची नावं 'आणि' शब्दानं जोडलेली होती. 'किंवा' असतं तर एकाच्या सहीनं काम झालं असतं. 'आणि' असल्यामुळे दोघांच्या सह्या. कागद टपालानं अँकरेजला, तिथून परत, पुन्हा एक खाना राहिला म्हणून परत. बारा दिवस. नवा ट्रक घेणाऱ्या जोडप्यांनी तो एक शब्द आधी वाचावा.

फोनचा प्लॅन त्याच्या नावावर होता. माझा नंबर वेगळा काढायला त्यानं पिन देणं गरजेचं. दिला. सामाईक खातं बंद करायला वीस मिनिटं. केबिनचा भाडेकरार दोघांचा; मालकीणबाईंनी नवा करून दिला. भाडं आता एकटीनं भरायचं, त्याचा हिशेब शेवटच्या पानावर आहे आणि तो जमतोय, कसाबसा.

पाणी आणणं एकटीला जड जाईल असं वाटलं होतं. भरलेला कॅन १९ किलोचा. सहाऐवजी तीनच भरते आणि आठवड्यातून दोनदा जाते.

९ मे

थांबलं. ४.५२ दुपारी, अलास्का प्रमाण वेळ.

मी ओट्यावर भांडी विसळत होते. दुपारपासून नैऋत्येचा वारा होता. आधी तार ताणल्याचा आवाज आला, खिडकीबाहेरच्या खुंटावर करकर अशी, आणि मग भिंतीवरचं घड्याळ थांबलं. इतके दिवस त्याच्या टिकटिकीची सवय झालेली, म्हणून ते बंद झालेलं आधी कानाला कळलं.

बाहेर पळाले. अख्खा बर्फ एका तव्यासारखा काठापासून सुटून ईशान्येकडे सरकत होता, चालत्या माणसापेक्षा हळू. वर ट्रायपॉड उभा, कललेला, चादरीची फडकी मागे उडत. सरकताना काहीच आवाज नव्हता. समोरच्या काठाला टेकला तेव्हा सुरू झाला: कडेच्या कांड्या एकावर एक सांडायला लागल्या, ढिगारा चढत गेला, सगळं तळं किणकिणत होतं. पंधरा-वीस मिनिटं. मी तिथेच बसून ऐकलं. ट्रायपॉड पाण्यात आडवा झाला तेव्हा सव्वासहा वाजले होते, उन्हाळी वेळेनं.

पलीकडच्या टेकडीवर बर्चची झाडं आजच हिरवी दिसायला लागलीत. इथे त्या दिवसालाही नाव आहे, ग्रीन-अप.

बरणी उघडली. शेजाऱ्यांची नात जिंकली, वय नऊ, १० मे सकाळी आठ. त्याची चिठ्ठी ३ मे, रात्री ९. निकाल सगळ्यांना एकदम पाठवला, त्यातच त्यालाही. त्यानं लिहिलं, "चांगलं झालं काम." मी लिहिलं, "हो."

११ मे

तळं मोकळं. शेजाऱ्यांची होडी घेऊन ट्रायपॉड ओढून आणला, तार, कड्या, चादरीच्या चिंध्या वेचल्या. पाण्यात काही ठेवायचं नाही. दोन पाय सडके निघाले, सरपणात टाकले. तिसरा धड आहे. त्याच्यावर खाली, काळ्या रंगाच्या आत, त्याच्या हाताच्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात, फुटाफुटावर. तो पुढच्या वर्षी वापरायचा, रंग तासून, पांढरा करून.

एकूण खर्च १२२ डॉलर, त्यांतले ४३ वाया गेलेल्या वस्तूंचे. फोन धरलेला नाही.

पुरण काल शिजवलं, बारा पोळ्या झाल्या. दोन फाटल्या, त्या मी खाल्ल्या. दहा देऊन आले. नातीनं विचारलं, यात बटाटा आहे का? तिच्या आजोबांनी गिरमिट दाखवलं, तेल लावून भिंतीला टांगलेलं, म्हणाले मार्चमध्ये ये.

आत येऊन घड्याळावरची चिकटपट्टी काढली. सेन्सर सोडवला, सेलच्या वायरी पुन्हा जोडल्या. काटे ४.५२ वरच होते. उन्हाळी वेळेनं लावलं आणि ओट्यावरच्या खिळ्याला टांगलं.